झांकली मूठ

एखाद्या मनुष्यानें आपल्या डोळ्यांनीं कांहीं अद्भुत पाहिलें, तर त्यास दोन गोष्टींची गरज वाटते. पाहिलें तें कोणास तरी सांगावें ही पहिली, आणि ऐकणारानें आपणांस वेड्यांत काढूं नये ही दुसरी. आपल्याकडे पूर्वीं शेंडेनक्षत्र दिसलें म्हणजे लोक जोशाकडे जात. तो त्यावरून दुष्काळ, रोगराई किंवा राजाचा मृत्यु यांचें भाकित करी. त्याचें उत्तर बरोबर असो वा चूक असो, विचारणाराचा प्रश्न तो मनावर घेत असे एवढें खरें. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेंतील सामान्य माणसानें आकाशांत न ओळखूं येणारी वस्तु पाहिली म्हणजे तो जोशाकडे जात नसे, आणि बहुधा वेधशाळेकडेहि जात नसे. तो जवळच्या पोलिसचौकीवर किंवा विमानतळावर वर्दी देई, आणि ती वर्दी फिरत फिरत ओहायओ प्रांतांतील डेटन शहराजवळ विमानदळाच्या एका कचेरींत जाऊन पडे. १९४८ पासून १९६९ पर्यंत त्या कचेरीनें अशा वर्द्यांचें दप्तर राखलें. अखेरीस त्यांत १२,६१८ प्रकरणांची नोंद झालेली होती.

परग्रहावरून कोणी पृथ्वीवर आलें होतें काय, हा या लेखाचा विषय नव्हे. त्या वादांत आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे, आणि तींत आमच्या दौतीची भर घालण्याची आमची इच्छा नाहीं. आमचा प्रश्न याहून साधा, पण आमच्या मतें अधिक महत्त्वाचा आहे. प्रजेनें सांगितलें आणि सरकारच्या शस्त्रधारी खात्यानें ऐकलें, तेव्हां त्या दोघांमधील व्यवहार कोणत्या रीतीनें झाला? विचारणाराला उत्तर मिळालें काय? आणि जें मिळालें तें उत्तर खरें होतें काय?

हें काम विमानदळाकडे कां गेलें, तें प्रथम पाहिलें पाहिजे. १९४१ च्या डिसेंबरच्या ७ तारखेस सकाळीं हवाई बेटांतील एका रडारयंत्रावर दोन शिपायांना विमानांचा मोठा थवा येतांना दिसला होता. त्यांनीं तत्काळ वर्दी दिली. पण तीं आपलींच विमानें असावींत असें समजून वरच्या अंमलदारानें काळजी करूं नका म्हणून सांगितलें. तासाभरांत पर्ल हार्बरवर जपानी बाँब पडले. हा धडा अमेरिकन सैन्याच्या मनावर खोल कोरला गेला होता. त्यांतच महायुद्ध संपून रशियाशीं वैमनस्य सुरू झालें. जर्मनांचीं उडतीं अस्त्रें आणि तीं बनविणारे शास्त्रज्ञ रशियाच्याहि हातीं लागले होते. आकाशांत कांहीं विचित्र दिसल्याची वर्दी कोणी दिली आणि ती आपण हंसण्यावारी नेली, तर उद्यां पस्तावण्याची पाळी येईल, हें भय खोटें नव्हतें.

अशा वेळीं, १९४७ च्या जूनच्या २४ तारखेस, केनेथ अर्नोल्ड नांवाचा एक व्यापारी आपलें लहानसें विमान घेऊन वॉशिंग्टन प्रांतांतील रेनियर पर्वताजवळून चालला असतां त्यास नऊ चकाकत्या वस्तु अतिशय वेगानें जातांना दिसल्या. मुलें तळ्याच्या पाण्यावर चपटी वस्तु भिरकावून तिला टप्पे खात नेतात, तशी त्या वस्तूंची चाल होती, असें वर्णन करतांना त्यानें बशीची उपमा दिली. वर्तमानपत्रांनीं ती उपमा उचलली आणि चालीचें वर्णन पाहतां पाहतां आकाराचें वर्णन होऊन बसलें. ‘उडत्या तबकड्या’ जन्मास आल्या त्या अशा. पुढें चार दिवसांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोकांना तबकड्या दिसूं लागल्या.

त्या वर्षाच्या सप्टेंबरांत जनरल नेथन ट्वायनिंग या वरिष्ठ सेनाधिकाऱ्यानें वर लिहून पाठविलेलें एक पत्र आज उपलब्ध आहे. लोक सांगतात तो प्रकार खरा आहे, काल्पनिक नाहीं, असें मत त्यांत दिलेलें आहे. परंतु त्याहूनहि अधिक लक्षांत ठेवण्यासारखें एक वाक्य त्या पत्रांत आहे. या वस्तु आपल्याच देशांतील एखाद्या अतिगुप्त योजनेच्या असूं शकतील, आणि ती योजना आपल्या कचेरीस ठाऊक नसेल, हीहि शक्यता जमेस धरावी, असें हा सेनापति म्हणतो! म्हणजे आकाशांतील वस्तु शत्रूची कीं घरची, हें सैन्यांतील मोठ्या अधिकाऱ्यांसहि खात्रीनें सांगतां येत नव्हतें. या पत्रांतील शिफारशीवरूनच १९४७ च्या डिसेंबरअखेर चौकशीची योजना मंजूर झाली. तिचें सांकेतिक नांव ‘साइन’, म्हणजे खूण, असें होतें.

घरची वस्तु घरच्यांनाच न ओळखल्यामुळें काय होऊं शकतें, याचें उदाहरण फार लवकर घडलें. १९४८ च्या जानेवारीच्या ७ तारखेस दुपारीं केंटकी प्रांतांतील मेझव्हिल गांवच्या लोकांना आकाशांत एक मोठी वाटोळी वस्तु दिसली. त्यांनीं पोलिसांस कळविलें. पोलिसांनीं फोर्ट नॉक्सच्या लष्करी ठाण्यास आणि ठाण्यानें गॉडमन विमानतळास कळविलें. थोड्याच वेळांत दुसऱ्या गांवांतूनहि तशाच वर्द्या आल्या, आणि खुद्द विमानतळावरील अंमलदारांनाहि ती वस्तु दिसली. त्या सुमारास कॅप्टन टॉमस मँटेल हा पंचवीस वर्षांचा वैमानिक चार विमानांची तुकडी घेऊन त्या बाजूनें चालला होता. ती वस्तु काय आहे तें पाहून येण्यास त्याला सांगण्यांत आलें. त्याचे साथीदार एकामागून एक मागें फिरले. मँटेल मात्र वर चढत राहिला. त्याच्याजवळ प्राणवायूचें साधन नव्हतें. विरळ हवेंत त्याची शुद्ध हरपली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. त्याचें विमान फ्रँकलिन गांवाजवळ कोसळलें आणि तो ठार झाला.

लोकांनीं व वैमानिकानें पाहिला तो शुक्राचा तारा होता, असा खुलासा प्रथम करण्यांत आला. भर दुपारीं इतक्या लोकांनीं शुक्र पाहावा आणि त्याच्यामागें विमान धांवावें, हें कोणासहि पटलें नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं असें अनुमान निघालें, आणि आज तेंच बहुतेक अभ्यासकांस मान्य आहे, कीं ती वस्तु म्हणजे अमेरिकन नौदळानें अतिशय उंचावर सोडलेला ‘स्कायहूक’ जातीचा प्रचंड फुगा असावा. ते फुगे त्या वेळीं गुप्त होते. मेझव्हिलच्या लोकांनीं भ्रमानें कांहीं पाहिलें नव्हतें. आकाशांत खरोखरच एक मोठी वस्तु होती. ज्या सैन्यास त्यांनीं वर्दी दिली त्याच राष्ट्राच्या नौदळाची ती होती, एवढेंच त्यांना ठाऊक नव्हतें. आणि मँटेललाहि ठाऊक नव्हतें. आपल्याच माडीवरचा दिवा पाहून चोर शिरला म्हणून जिन्यावरून धांवत सुटावें आणि पडून प्राण गमवावा, तसें हें झालें.

१९४९ सालीं योजनेचें नांव बदलून ‘ग्रज’ असें ठेवण्यांत आलें. या शब्दाचा अर्थ आकस. नांव ठेवणाराच्या मनांत काय होतें तें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण त्या काळांत वर्दी देणाराकडे पाहण्याची कचेरीची दृष्टि या नांवास शोभेशीच होती. कोणतीहि वर्दी आली कीं तिला लगेच भ्रम, फुगा किंवा तारा यांपैकीं एक चिठ्ठी चिकटवावयाची, असा परिपाठ पडला. १९५१ सालीं कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट याच्या हातीं हें काम आलें, आणि १९५२ सालीं योजनेस ‘ब्ल्यू बुक’ हें तिसरें नांव मिळालें. अमेरिकन महाविद्यालयांत परीक्षेची उत्तरें ज्या निळ्या वहींत लिहितात तिच्यावरून तें घेतलें होतें. ‘तबकडी’ हा शब्द टाकून ‘अनोळखी उडती वस्तु’ असा तटस्थ शब्दप्रयोग रुपेल्टनेंच रूढ केला, इंग्रजींतील ‘यू. एफ. ओ.’ हीं अक्षरें आतां आपल्याकडील शाळकरी मुलांसहि ठाऊक आहेत.

वर्दी देणारास पाठवावयाच्या छापील प्रश्नपत्रिकेकडे या कचेरीनें लक्ष पुरविलें. ती वाचली म्हणजे तयार करणारांच्या चातुर्याचें कौतुक वाटतें. वस्तु केवढी होती, असा सरळ प्रश्न त्यांत नाहीं, कारण अंतर ठाऊक नसतां आकार सांगणें व्यर्थ होय. त्याऐवजीं, हात लांब करून त्यांत टांचणीचें डोकें, वाटाणा, निरनिराळीं नाणीं किंवा चेंडू धरला असतां यांपैकीं कोणाएवढी ती दिसली, असें विचारलेलें आहे. सामान्य माणूस खोटें बोलतो असें गृहीत न धरतां, त्याला अचूक बोलण्यास मदत करावयाची, ही त्यामागची वृत्ति होती. हा लष्करी अंमलदार थोडा काळ तरी शास्त्रज्ञाच्या वृत्तीनें वागला, असें आम्हांस वाटतें.

परंतु त्याच १९५२ सालीं वर्द्यांचा पूर आला. १९४७ सालीं ज्या अवघ्या १२२ होत्या त्या या एका वर्षांत १,५०१ झाल्या. जुलै महिन्यांत लागोपाठ दोन शनिवारीं रात्रीं राजधानीच्या विमानतळावरील रडारयंत्रांवर अनोळखी ठिपके उमटले आणि कांहीं वैमानिकांना प्रकाशहि दिसले. सारा देश खडबडून जागा झाला. जनरल जॉन सॅमफर्ड यांनीं वार्ताहरांची मोठी सभा बोलावून, जमिनीलगतच्या थंड हवेवर उष्ण हवेचा थर आला म्हणजे रडारच्या लहरी वांकतात आणि असे भास होतात, असा खुलासा केला. खुलासा अगदींच अशक्य नव्हता. परंतु हेरखात्यास आतां निराळीच काळजी पडली. तबकड्यांचें भय दूरच राहो. तबकड्यांविषयींच्या वर्द्यांचेंच भय वाटूं लागलें! शत्रूनें खरोखर हल्ला केला त्या क्षणीं हजारों लोकांनीं दूरध्वनि करून लष्कराच्या तारा अडविल्या तर?

१९५३ च्या जानेवारींत अमेरिकेच्या मध्यवर्ती हेरखात्यानें भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखालीं नामांकित शास्त्रज्ञांची एक गुप्त समिति बसविली. या वस्तूंपासून राष्ट्रास प्रत्यक्ष धोका दिसत नाहीं, असें समितीनें ठरविलें. तेथवर ठीक झालें. पण वर्द्यांनीं दळणवळणाचे मार्ग तुंबतात, म्हणून या विषयाभोंवतींचें गूढतेचें वलय काढून टाकावें, चित्रपट वगैरे साधनांनीं लोकांचा त्यांतील रस कमी करावा, आणि या विषयाचा अभ्यास करणाऱ्या खासगी मंडळांवर नजर ठेवावी, अशा शिफारशी तिनें केल्या. कालपर्यंत प्रजाजन हा साक्षीदार होता. या अहवालापासून तो स्वतःच एक उपद्रव ठरला.

त्याच वर्षीं विमानदळानें एक नियम काढला. त्याचें सार असें कीं, ज्या प्रकरणाचा उलगडा झाला असेल त्याविषयीं स्थानिक अधिकाऱ्यानें लोकांशीं बोलावें. ज्याचा उलगडा झाला नसेल त्याविषयीं तपास चालू आहे एवढेंच सांगून थांबावें. उलगडा न झालेल्या प्रकरणांचें प्रमाण शक्य तितकें कमी करावें, अशी आज्ञाहि या नियमाच्या पुढील आवृत्तींत आढळते. सत्यशोधनाचें प्रमाण आज्ञेनें वाढत नसतें. अशा आज्ञेनें चिठ्ठ्या चिकटविण्याचा वेग मात्र वाढतो.

इतकें असूनहि, येथवर जें घडलें तें आळसाचें, घाईचें किंवा अति सावधगिरीचें म्हणून सोडून देतां आलें असतें. पुढें जें घडलें त्याची जात निराळी आहे.

१९५५ च्या ऑगस्टांत नेव्हाडाच्या वाळवंटांत ‘यू-२’ या नव्या टेहळणी विमानाच्या चांचण्या सुरू झाल्या. त्या काळचीं उतारूंचीं विमानें बहुधा दहा ते वीस हजार फुटांवरून उडत. लष्करी विमानेंहि सामान्यतः चाळीस हजारांच्या आंत राहत. हें नवें विमान साठ हजार फुटांच्या वर जात असे. तितक्या उंचीवर मनुष्य असलेलें विमान जाऊं शकतें, हीच गोष्ट जगास ठाऊक नव्हती. सायंकाळीं खालीं अंधार पडल्यावरहि इतक्या उंचावर ऊन असतें. त्या उन्हांत त्याचे रुपेरी पंख पेटल्यासारखे झळकत, आणि खालच्या विमानांतील वैमानिकांना आपल्या कितीतरी वर अग्निगोल तरंगतांना दिसत. त्यांनीं वर्द्या दिल्या. जमिनीवरच्या लोकांनीं पत्रें लिहिलीं. तीं सर्व डेटनच्या कचेरींत आलीं. तेथील तपासनीस हेरखात्याच्या संबंधित माणसांस विचारीत, उड्डाणांच्या नोंदी ताडून पाहात, आणि अमुक दिवशीं अमुक ठिकाणीं दिसली ती वस्तु म्हणजे आपलेंच विमान, अशी खात्री करून घेत.

खात्री झाल्यावर पत्र लिहिणाराला काय कळविण्यांत आलें? अर्थात् खरें कारण कळवितां येत नव्हतें. हेरखात्याच्या दोन इतिहासकारांनीं १९९२ सालीं लिहिलेल्या अंतर्गत इतिहासांत ही हकीकत स्पष्ट दिली आहे. १९९७ सालीं इतिहासकार जेराल्ड हेन्स यांनीं एका लेखांत असें नमूद केलें कीं, १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६० च्या दशकापर्यंत आलेल्या वर्द्यांपैकीं निम्म्याहून अधिकांचें मूळ अशा गुप्त उड्डाणांत होतें, असा खात्यांतील लोकांचा अंदाज होता, आणि लोकांना शांत करण्यासाठीं विमानदळानें दिशाभूल करणारे खुलासे दिले. निम्म्याच्या या अंदाजावर कांहीं अभ्यासकांनीं शंका घेतली आहे, आणि ती घेण्यास जागाहि आहे. पण प्रमाण निम्मे असो वा दहावा हिस्सा असो, मुख्य गोष्ट बदलत नाहीं. ज्यानें खरें पाहिलें आणि प्रामाणिकपणें सांगितलें, त्याला तूं बर्फाचे कण किंवा हवेचा खेळ पाहिलास, असें त्याच्याच सरकारनें समजून उमजून सांगितलें.

हें वाचून कोणी म्हणेल कीं, युद्धाच्या छायेंतील राष्ट्रानें आपल्या टेहळणी विमानाचा बोभाटा करावयाचा होता काय? हा आक्षेप आम्ही वजनदार मानतों. गुप्त विमान गुप्त ठेवणें हें त्या खात्याचें कर्तव्यच होतें. परंतु मौन आणि असत्य यांत अंतर आहे. ‘आपली वर्दी मिळाली, तिजविषयीं अधिक सांगतां येत नाहीं’ असें कळविल्यानें पत्र लिहिणाराचें समाधान झालें नसतें, पण त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरील विश्वासहि उडाला नसता. अर्थात् अशा मौनावरूनहि चतुर शत्रूनें कांहीं ताडलें असतें, हें आम्हांस दिसतें. तरी खोट्या खुलाशाची किंमत शून्य नव्हती. ती मागाहून द्यावी लागली, आणि व्याजासह द्यावी लागली.

‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ असें आपण म्हणतों. न्यू मेक्सिको प्रांतांतील रॉझवेलच्या प्रकरणास ही म्हण जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशास पडेल. १९४७ सालीं एका मेंढपाळीच्या कुरणांत चकाकता कागद, रबर व काठ्या असे अवशेष पडलेले सांपडले. तेथील माणसानें गांवच्या शेरीफास कळविलें आणि शेरीफानें विमानतळास. जुलैच्या ८ तारखेस त्या विमानतळानें ‘तबकडी’ हातीं आल्याचें जाहीर केलें, आणि कांहीं तासांतच वरच्या अधिकाऱ्यांनीं तो हवामानाचा फुगा असल्याचें सांगून प्रकरण मिटविलें. तें तीस वर्षें मिटलेलेंच राहिलें. मग १९७८ नंतर तें उकरलें गेलें, आणि कोसळलेलें परग्रहयान, त्यांतील प्रेतें, गुप्त शवागारें असा मजल्यावर मजला चढत गेला. अखेर १९९४ सालीं विमानदळानें मूठ उघडली. आंत निघाली ‘मोगल’ नांवाची जुनी योजना! रशियानें अणुबाँबचा स्फोट केल्यास त्याचा आवाज वरच्या वातावरणांत टिपावा, म्हणून ध्वनियंत्रें लटकवून सोडलेल्या फुग्यांची ती माळ होती. फुगा खरा होता, हवामान मात्र खोटें होतें. पण तोंवर अर्ध्या सत्यास कोणी विचारीनासें झालें होतें. ज्यांनीं एकदां फसविलें ते आतांहि फसवीतच असतील, असें लोकांनीं म्हटलें. आणि त्यांस तर्कदुष्ट म्हणणें सोपें असलें, तरी सर्वस्वी निराधार म्हणणें कठीण आहे.

१९६० च्या मे महिन्यांत रशियानें एक यू-२ विमान पाडलें, तेव्हांहि अमेरिकेनें प्रथम तें हवामानसंशोधनाचें विमान असल्याचें सांगितलें. आणि रशियानें जिवंत पकडलेला वैमानिक पुढें केल्यावर माघार घेतली. हवामानानें सरकारची लाज किती वेळ झांकावी!

या सर्व व्यवहाराचा स्फोट १९६६ च्या मार्चांत मिशिगन प्रांतांत झाला. डेक्स्टर गांवाजवळील दलदलीवर, आणि दुसऱ्या रात्रीं हिल्सडेल येथील महाविद्यालयाच्या वसतिगृहासमोर, अनेक लोकांनीं हालते दिवे पाहिले. पाहणारांत पोलिस होते आणि वसतिगृहांतील कित्येक विद्यार्थिनी होत्या. विमानदळानें आपले सल्लागार, ज्योतिषशास्त्राचे प्राध्यापक जे. ॲलन हायनेक, यांस तेथें धाडलें. थोड्या दिवसांच्या धावपळीनंतर डेट्रॉइट येथें वार्ताहरांपुढें त्यांनीं सांगितलें कीं, कुजलेल्या वनस्पतींतून निघणारा वायु पेटून असे दिवे दिसूं शकतात. आपल्याकडे ज्यांस भुताचे दिवे म्हणतात तसाच हा प्रकार. सर्व प्रकरणांस हा खुलासा लागू नाहीं, असेंहि त्यांनीं बजावलें होतें; पण वर्तमानपत्रांनीं ‘दलदलीचा वायु’ एवढेच दोन शब्द उचलले आणि देशभर हंशा पिकला. त्या हंशाचे धनी दोघे झाले : प्राध्यापक, आणि ज्यांनीं वर्दी दिली ते गांवकरी. आपण पाहिलें तें सांगितलें याचा पश्चात्ताप होण्याची पाळी गांवकऱ्यांवर यावी, ही गोष्ट त्या प्रांताचे प्रतिनिधि जेराल्ड फोर्ड यांस सहन झाली नाहीं. पुढें अध्यक्षपदास चढलेल्या या गृहस्थांनीं, लोकांस याहून चांगलें उत्तर मिळालें पाहिजे म्हणून लोकसभेकडून चौकशीची मागणी केली, आणि एप्रिलच्या ५ तारखेस प्रतिनिधिगृहाच्या सैन्यविषयक समितीपुढें विमानदळास जबाब द्यावा लागला.

त्यानंतर कोलोरॅडो विद्यापीठांत भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन यांच्या हाताखालीं विमानदळाच्या पैशानें स्वतंत्र संशोधन झालें. या विषयाच्या अधिक अभ्यासानें शास्त्राची प्रगति होण्याची आशा नाहीं, असा अभिप्राय काँडन यांनीं १९६९ च्या आरंभीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत दिला. मात्र त्याच अहवालांतील कांहीं प्रकरणें उलगडल्यावांचून राहिलीं होतीं. १९६९ च्या डिसेंबरच्या १७ तारखेस ब्ल्यू बुक बंद झाल्याचें जाहीर झालें. १२,६१८ पैकीं ७०१ प्रकरणें, म्हणजे शेंकडा सुमारें साडेपांच, शेवटपर्यंत अनोळखी राहिलीं. श्रद्धाळू लोक हा आंकडा परग्रहवासीयांच्या खात्यावर जमा करतात, आणि संशयवादी उरलेल्या पंचाण्णवांवरून सर्वच निकालांत काढतात. आमच्या मतें दोघेहि चुकतात. ७०१ यांचा अर्थ ‘कळलें नाहीं’ एवढाच आहे. आणि ‘कळलें’ म्हणून लिहिलेल्या प्रकरणांतहि कित्येक ठिकाणीं कचेरीस एक कळलें होतें आणि कागदावर दुसरेंच लिहिलें गेलें होतें.

बंद करण्याच्या दोनच महिने आधीं विमानदळांतील एका जनरलानें लिहिलेल्या टिपणांत असें म्हटलें आहे कीं, राष्ट्राच्या सुरक्षिततेशीं संबंध येऊं शकेल अशा वर्द्या निराळ्या मार्गानें जातच असतात आणि त्या ब्ल्यू बुकच्या पद्धतीचा भाग नाहींत. हें टिपण वाचलें म्हणजे सर्व प्रकरणाचें मर्म ध्यानांत येतें. सैन्याचा प्रश्न होता, ‘यापासून धोका आहे काय?’ प्रजेचा प्रश्न होता, ‘मीं पाहिलें तें काय होतें?’ हे दोन प्रश्न दिसावयास सारखे, पण त्यांची जात भिन्न. पहिल्याचें उत्तर ‘नाहीं’ असें मिळालें कीं सैन्याचें काम संपलें. प्रजेचा प्रश्न मात्र होता तेथेंच राहिला.

इंग्लंडांतहि याहून निराळें घडलें नाहीं. तेथें १९५० सालीं गुप्तपणें नेमलेल्या समितीनें सर्व वर्द्यांचें मूळ तारे, हवामान, फुगे, भ्रम किंवा लबाडी यांत असल्याचें ठरविलें. १९५२ सालीं चर्चिलसाहेबांनीं या तबकड्यांचा अर्थ काय म्हणून विमानमंत्र्यांस विचारलें, तेव्हां त्यांसहि तेंच उत्तर मिळालें. पुढें पत्र लिहिणाराला ‘संरक्षणदृष्ट्या महत्त्व नाहीं’ असें छापील वळणाचें उत्तर जाई, आणि १९६७ पर्यंत अशा वर्द्यांचीं दप्तरें पांच पांच वर्षांनीं नष्ट केलीं जात. २००९ च्या डिसेंबरांत तेथील कचेरीहि बंद झाली. फ्रान्सनें मात्र वेगळी वाट धरली. तेथें १९७७ पासून हें काम सैन्याकडे न ठेवतां अंतराळसंशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेकडे दिलेलें आहे. पोलिसांनीं जबान्या घ्याव्या आणि शास्त्रज्ञांनीं त्या तपासाव्या, अशी वाटणी आहे. आणि २००७ पासून तीं प्रकरणें सर्वांस वाचावयास खुलीं आहेत. तेथेंहि कांहीं प्रकरणें अनोळखी राहतात, पण ‘माहीत नाहीं’ हें उत्तर तेथें उघडपणें दिलें जातें.

अमेरिकेच्या पदरांत एक पुण्य मात्र टाकलें पाहिजे. त्या राष्ट्रानें आपलें दप्तर जाळलें नाहीं. १९७६ पासून ब्ल्यू बुकचे कागद राष्ट्रीय दप्तरखान्यांत, ९४ गुंडाळ्यांच्या सूक्ष्मचित्रांवर, कोणासहि पाहतां येतात. वर्दी देणारांचीं नांवें त्यांत झांकलेलीं आहेत. ज्यांस एके काळीं हंसण्यावारी नेलें त्यांचा अब्रूचा विचार अखेरीस कोणीतरी केला, असें त्यावरून म्हणतां येईल. २०२२ सालीं त्या देशाच्या संरक्षणखात्यानें अशा वर्द्यांसाठीं पुन्हां एक कचेरी उघडली. २०२४ च्या मार्चांत तिनें जुन्या इतिहासाचा जो आढावा प्रसिद्ध केला त्यांत परग्रहवासीयांचा पुरावा नसल्याचें सांगितलें, आणि पूर्वींच्या कित्येक वर्द्या आपल्याच गुप्त विमानांमुळें व फुग्यांमुळें आल्या असाव्यात, अशीहि कबुली दिली. पुष्कळांचा तिजवर विश्वास बसला नाहीं. सत्तर वर्षें मूठ मिटून बसल्यावर ती रिकामी असल्याचें दाखविलें, तर पाहणारा दुसऱ्या मुठीकडे बोट दाखवितो.

मेझव्हिलच्या गांवकऱ्यांनीं त्या जानेवारीच्या दुपारीं जें केलें तें चांगल्या नागरिकाचें काम होतें. त्यांनीं वर पाहिलें, दिसलें तें कळविलें, आणि उत्तराची वाट पाहिली. त्यांना शुक्राचा तारा दाखविण्यांत आला. सरकारानें सर्वच गोष्टी सांगाव्या, अशी अपेक्षा शहाणा मनुष्य करीत नाहीं. पण जें सांगतां येत नाहीं तें सांगत नाहीं म्हणावें, जें कळलें नाहीं तें कळलें नाहीं म्हणावें, आणि ज्यानें प्रामाणिकपणें साक्ष दिली त्याच्या डोळ्यांस दोष देऊं नये, इतकें मागणें फार नाहीं. या तीन गोष्टी पाळल्या असत्या तर अमेरिकेचें एकहि गुपित फुटलें नसतें, असें आम्ही म्हणत नाहीं. पण प्रजेचा विश्वास आज आहे त्याहून खास कमी ढळला असता.